ग्रंथालयातील गणितशिक्षक : डॉ. शियाली रामामृत रंगनाथन

दिल्ली विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्यांनी विद्यार्थिदशेतील काही वर्षे घालवली आहेत, त्यांना तेथील पुस्तकांच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आठवत असतील. आरंभी एखादे रोमन अक्षर, त्यापुढे आकडे, मध्येच स्वल्पविराम, अर्धविराम आणि एकाखाली एक अशी दोन टिंबे. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला ती बीजगणितातील एखादी अवघड राशीच वाटावी. त्या वाटण्यात तथ्यही होते. ही चिन्हे योजणारे डॉ. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक होते, आणि जगाने त्यांना ग्रंथालयशास्त्राचे आचार्य म्हणून मान दिला तरी त्यांच्यातील शिक्षक अखेरपर्यंत जागा राहिला. विद्यार्थ्याला उत्तर सांगण्यापेक्षा ते कोठे व कसे शोधावे हे शिकवणे, हेच त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याचे सूत्र होते. त्या कार्याचा एक महत्त्वाचा टप्पा दिल्लीत घडला.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात शियाली या गावी झाला. हे गाव आज शिरकाळी या नावाने ओळखले जाते. तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजांचे घराणे आणि सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. ग्रंथांचा थोर वारसा लाभलेल्या त्या भूमीत जन्मलेल्या या बालकाचे पितृछत्र मात्र वयाच्या सहाव्या वर्षीच हरपले. वडील रामामृत अय्यर रामायणकथा सांगण्यात रंगून जात. त्यांच्या पश्चात आजोबांनी नातवाचा सांभाळ केला. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरात पुराणकथांचे संस्कार आणि शिक्षकाची शिस्त यांचा असा सहज संगम होता.

गावातील हिंदू हायस्कूलमधील शिक्षण आटोपून रंगनाथन मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. १९१३ मध्ये त्यांनी बी.ए. आणि १९१६ मध्ये गणित विषय घेऊन एम.ए. ही पदवी संपादन केली. तेथे त्यांना एडवर्ड रॉस हे गणिताचे प्राध्यापक गुरू म्हणून लाभले. या गुरुशिष्यांचा स्नेह महाविद्यालयाच्या भिंतींपुरता राहिला नाही. पुढे आयुष्याच्या एका निर्णायक वळणावर याच गुरूच्या एका वाक्याने शिष्याला वाट दाखवली. रंगनाथन यांना लहानपणापासून बोलताना अडखळण्याचा त्रास होता. अशा तरुणाने शिक्षकी पेशा पत्करू नये, असा सल्ला कोणीही दिला असता. त्यांनी मात्र सैदापेठेच्या अध्यापक महाविद्यालयात रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १९१७ पासून मंगळूर, कोइमतूर व पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे गणिताचे अध्यापन केले. बोलण्यातील तो दोष त्यांनी प्रयत्नपूर्वक बराच आटोक्यात आणला.

प्राध्यापकाने तासभर सांगत राहावे आणि विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने उतरवून घ्यावे, अशी त्या काळच्या महाविद्यालयांतील शिकवण्याची रीत होती. रंगनाथन यांना ती मानवली नाही. विद्यार्थ्याने विषय आधी स्वतः वाचावा, अडेल तेथे अडावे आणि अडलेले घेऊन शिक्षकाकडे यावे, अशी त्यांची धारणा होती. प्रत्येकाची गती निराळी, आकलन निराळे. म्हणून प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष पुरवले पाहिजे, असे ते मानीत. गणिताचा इतिहास हा त्यांच्या संशोधनाचा विषय असल्याने जुने ग्रंथ आणि नियतकालिके धुंडाळण्याचा त्यांना सराव होता.

याच तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम गावी वाढलेले श्रीनिवास रामानुजन हे रंगनाथन यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. रामानुजन यांच्या प्रतिभेला चेतवणारे कार यांचे गणितावरील संकलन त्यांना कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळाले होते. एका ग्रंथालयातील एक पुस्तक योग्य वेळी योग्य मुलाच्या हाती पडले आणि गणिताच्या इतिहासाला नवे वळण लागले. रंगनाथन यांनी पुढे, १९६७ मध्ये, रामानुजन यांचे चरित्र लिहिले. असा योग केवळ दैवावर सोपवू नये, तो प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावा यासाठी व्यवस्था असावी, हा ध्यास रंगनाथन यांनी जन्मभर बाळगला.

ग्रंथपालाच्या पेशात त्यांचा प्रवेश मात्र अगदी अनपेक्षितपणे झाला. १९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले. सुमारे ९०० अर्ज आले. ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण घेतलेला उमेदवार त्यांत एकही नव्हता. संशोधनाची पार्श्वभूमी ही या पदासाठीची अपेक्षा रंगनाथन यांचे गणितविषयक निबंध पूर्ण करीत होते. त्यांनीही अर्ज केला होता. परंतु मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत त्याचा त्यांना विसर पडला होता. मुलाखतीपूर्वी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधील ग्रंथालयावरचा लेख वाचला, एवढीच काय ती त्यांची तयारी. निवड त्यांचीच झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

आणि काही आठवड्यांतच ते कंटाळून गेले. वर्गातील मुलांचा गलबला, फळ्यावरील खडूचा आवाज, शंका विचारणारे चेहरे, यांची सवय असलेल्या शिक्षकाला त्या निर्जन दालनातील शांतता असह्य झाली. पुस्तके होती, पण वाचक नव्हते. ते थेट विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा वर्गात पाठवावे, अशी त्यांनी विनंती केली. तेव्हा तडजोड ठरली. आधी इंग्लंडला जाऊन तेथील ग्रंथालये पाहावीत. परतल्यावरही मन रमले नाही, तर गणिताची जागा त्यांचीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ग्रंथपालनाच्या विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथे बर्विक सेयर्स हे त्यांना मार्गदर्शक लाभले. त्यांच्या प्रोत्साहनाने रंगनाथन यांनी इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. तेथे त्यांनी कामगारांना दिवसभराच्या श्रमानंतर वाचताना पाहिले, गृहिणींना पुस्तके बदलून नेताना पाहिले, मुलांसाठी राखलेली दालने पाहिली. मद्रासमध्ये वाचक येत नव्हते ते वाचनाची आवड नव्हती म्हणून नव्हे. त्यांना आत बोलावणारे व पुस्तकापर्यंत नेणारे कोणी नव्हते म्हणून. हे त्यांच्या ध्यानात आले. वर्ग सोडून आपण शिक्षणाबाहेर पडलो, ही त्यांची खंत येथे मिटली. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले बसतात. ग्रंथालयात अवघे विद्यापीठ बसू शकते.

आणखी एक प्रश्न त्यांना छळत होता. अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती तेव्हा सर्वत्र रूढ होत होती. तीत ज्ञानाचे विभाग, पोटविभाग आधीच आखून ठेवलेले असत. नवा विषय निर्माण झाला की त्याला त्या ठरीव चौकटीत कोठेतरी कोंबावे लागे. एके दिवशी लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि खिळे निरनिराळ्या रीतींनी जोडून कधी गाडी, कधी पूल, कधी यारी तयार होत होती. गणिताच्या शिक्षकाला वाट सापडली. विषय तयार साच्यात न बसवता त्याचे मूळ घटक वेगळे करावेत आणि चिन्हांनी जोडावेत. जोडणीसाठी त्यांनी दोन टिंबांचे चिन्ह घेतले. म्हणून ही पद्धती कोलन किंवा द्विबिंदू वर्गीकरण या नावाने ओळखली जाते. १९२५ मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच्या छोट्या ग्रंथसंग्रहावरच त्यांनी तिचा पहिला प्रयोग केला. ग्रंथरूपाने ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली.

गणिताच्या जागेची मागणी त्यांनी पुन्हा कधी केली नाही. पुढील सुमारे वीस वर्षे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथालय हेच त्यांचे जग झाले. रोज तेरा-तेरा तास काम, रविवारीही काम, आणि या सबंध काळात एकही रजा नाही. लग्नाच्या दिवशीदेखील विधी आटोपताच ते दुपारी ग्रंथालयात हजर झाले, असे सांगतात. इतक्या कठोर कार्यनिष्ठेची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. त्यांनी कुलूपबंद कपाटांची प्रथा मोडून वाचकांना थेट फडताळांपर्यंत प्रवेश दिला. पुस्तके हरवतील, फाटतील, अशी भीती तेव्हाही व्यक्त केली जात असे. मोकळ्या फडताळांवर पुस्तक शोधताना शेजारचे दुसरे पुस्तक नजरेस पडते आणि शोधायला आलेल्यापेक्षा अधिक काही हाती लागते, हा लाभ त्यांना त्या भीतीहून मोठा वाटला.

ग्रंथालयात इतके नियम, इतक्या नोंदी, इतक्या प्रथा. त्या सर्वांच्या मुळाशी काही मोजकी तत्त्वे असलीच पाहिजेत, असे त्यांचे गणिती मन त्यांना सांगत होते. भूमितीचा सारा डोलारा जसा थोड्या स्वयंसिद्ध विधानांवर उभा राहतो, तसेच येथेही घडावे. परंतु ती तत्त्वे शब्दांत सापडत नव्हती. १९२८ मध्ये एका सायंकाळी प्रा. रॉस त्यांना भेटायला ग्रंथालयात आले. शिष्याची अडचण ऐकून त्यांनी हसतहसत सुचवले की, पुस्तके वापरण्यासाठी असतात हेच तुझे पहिले तत्त्व असले पाहिजे. एवढे सूत्र हाती येताच उरलेली चार आपोआप उलगडत गेली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे याचे भान ठेवावे. हीच ती ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि आज जगभरच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा तिच्यापासून सुरू होतो. ज्या १९२८ साली हे सूत्र सापडले, त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचे निधन झाले. पुढे शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी अखेरपर्यंत साथ दिली.

पंचसूत्री दिसते सोपी. पण तिचे पालन करायचे, तर वाचकाला ग्रंथालय वापरायला शिकवणे भाग पडते. याच ठिकाणी रंगनाथन यांचे कार्य शाळा-महाविद्यालयांच्या सर्वांत निकट येते. ग्रंथालयात नव्याने पाऊल टाकणारा विद्यार्थी बावरलेला असतो, याची त्यांना जाण होती. त्याला काय हवे ते नीट सांगता येत नाही. सांगितले, तर फार मोठा विषय सांगतो. आणि मिळाले नाही, तर विचारण्याचा संकोच वाटून निघून जातो. म्हणून वाचकाला द्यावयाच्या साहाय्याचे त्यांनी चार प्रकार सांगितले. नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाची दीक्षा देणे हा पहिला. कोणत्याही सामान्य वाचकास हवे ते शोधण्यास मदत करणे हा दुसरा. एखादी तारीख, एखादे नाव, एखादा आकडा अशी नेमकी माहिती कोशांतून व वार्षिकांतून चटकन काढून देणे हा तिसरा. आणि ज्या प्रश्नाला अनेक ग्रंथ, नियतकालिके व अहवाल चाळावे लागतात, ज्यासाठी प्रसंगी कित्येक दिवस खर्ची पडतात, अशा दीर्घ शोधात वाचकाच्या सोबत राहणे हा चौथा.

दीक्षा हा शब्द येथे सार्थ आहे. तालिका कशी पाहावी, लेखकाच्या नावाने शोधावे की विषयाच्या, पुस्तकाच्या आरंभीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांत फरक कोणता, कोश केव्हा उघडावा आणि केव्हा मिटावा, टिपण घेताना पुस्तकाचे नाव व पृष्ठांक का लिहून ठेवावा, या गोष्टी मुलाला आपोआप येत नाहीत. पाढे शिकवावे लागतात, तशा त्याही शिकवाव्या लागतात. १९४२ मध्ये रंगनाथन यांनी शाळा व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शाळेचे ग्रंथालय म्हणजे फावल्या वेळी गोष्टीची पुस्तके देणारी खोली नव्हे. ते शिकण्याच्या प्रक्रियेचे केंद्र आहे, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्या वर्गीकरणातही हाच धडा दडलेला आहे. त्यांच्या पद्धतीचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहावे. फुप्फुसाच्या क्षयरोगावर क्ष-किरणांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारांविषयी १९५० मध्ये भारतात झालेले संशोधन, असा विषय आहे. यात शास्त्र वैद्यकाचे, अवयव फुप्फुस, रोग क्षय, क्रिया उपचाराची, साधन क्ष-किरणांचे, स्थळ भारत आणि काळ १९५०. विषय असा सुटा केला की पुस्तकाचे स्थान तर ठरतेच. शिवाय वाचकालाही आपण नेमके काय शोधतो आहोत हे उमगते. दिल्लीतल्या मराठी मुलाच्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे, तर पानिपतचे घेता येईल. पानिपत एवढाच विषय मनाशी धरून ग्रंथालयात गेलेला मुलगा पुस्तकांच्या ढिगाऱ्यापुढे गोंधळून उभा राहतो. परंतु कोणाचे सैन्य, कोणती अडचण, कोणता प्रदेश आणि कोणते महिने, असे प्रश्न त्याने स्वतःला विचारले, तर १७६० च्या अखेरीस मराठ्यांच्या छावणीत धान्य का तुटले, असा हातात मावणारा प्रश्न तयार होतो. मग तो शेजवलकरांच्या ग्रंथाकडे जाईल, त्या काळच्या पत्रांकडे जाईल, बखरीकडे जाईल. आणि घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र व मागाहून लिहिलेली बखर यांची साक्ष सारख्या वजनाची नसते, हेही शिकेल. प्रश्न नीट मांडता येणे ही शोधाची अर्धी वाट होय. गणिताच्या शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

विद्यापीठाच्या भिंतींबाहेरही त्यांची दृष्टी होती. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाचे ते आधारस्तंभ होते, आणि १९२९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. १९३१ मध्ये मन्नारगुडी येथे बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तके नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले, त्यालाही त्यांचा पाठिंबा होता. ग्रंथालयांना कायद्याचे पाठबळ असावे, यासाठी त्यांनी अनेक प्रांतांसाठी विधेयकांचे मसुदे तयार केले. या बाबतीत मराठी मुलूखही मागे नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञास पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले होते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. स्वतंत्र भारतातील पहिला ग्रंथालय कायदा १९४८ मध्ये मद्रास प्रांतात झाला. त्यामागे रंगनाथन यांची दीर्घ तपश्चर्या होती. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला.

ज्या विद्यापीठासाठी त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली, तेथून त्यांचा निरोप मात्र सुखाचा नव्हता. वरिष्ठांशी मतभेद विकोपाला गेले आणि १९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडले. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाने तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण जवळजवळ एकहाती केले. तेथून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या आमंत्रणावरून ते दिल्लीत आले.

तो काळ राजधानीच्या दृष्टीने विलक्षण होता. स्वातंत्र्य आले होते आणि फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. शहरात निर्वासितांच्या छावण्या होत्या. नव्या राष्ट्राला अभियंते हवे होते, डॉक्टर हवे होते, प्रशासक हवे होते. ग्रंथपालांची गरज कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. अशा वेळी रंगनाथन यांनी आपले शिष्य व विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. दासगुप्ता यांच्या साहाय्याने दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण उभे केले. आधी पदविका, मग पदव्युत्तर पदवी आणि पुढे विद्यावाचस्पती, असा सोपान तयार झाला. या विषयातील देशातील पहिली पीएच.डी. १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठानेच दिली. १९४८ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. देऊन गौरविले. १९५० मध्ये त्यांनी सबंध देशासाठी तीस वर्षांचा ग्रंथालय विकास आराखडा मांडला. १९५१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत ग्रंथालय संशोधन मंडळ सुरू झाले. तेथे तरुण ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांच्याशी ते बरोबरीच्या नात्याने चर्चा करीत. शंका काढणाऱ्याला उत्तेजन देत आणि स्वतःचे मतही तपासून पाहत. मंगळूर व मद्रासच्या वर्गांतील शिक्षक येथे पुन्हा दिसू लागला होता.

दिल्लीतील प्रत्येक गोष्ट त्यांच्या मनाप्रमाणे झाली, असे नाही. युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २७ ऑक्टोबर १९५१ रोजी जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोर झाले. सर्वसामान्यांसाठी विनाशुल्क ग्रंथालय हे रंगनाथन यांचेच स्वप्न होते. परंतु त्या ग्रंथालयाने त्यांची द्विबिंदू पद्धती न स्वीकारता ड्यूईंची दशांश पद्धती स्वीकारली. रंगनाथन स्वभावाने आग्रही होते. हा निर्णय त्यांच्या जिव्हारी लागला. आज देशातील बहुसंख्य ग्रंथालये दशांश पद्धतीच वापरतात. विषयाचे घटक सुटे करून शोध घेण्याची त्यांची दृष्टी मात्र जगभरच्या वर्गीकरणशास्त्राने मानली, आणि संगणकावरील शोधाच्या आजच्या रचनेतही तिचा अंश दिसतो.

१९५५ नंतर त्यांनी दोन वर्षे झुरिच येथे काढली. त्याच सुमारास त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपयांची देणगी देऊन तेथे पत्नीच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन केले. ज्या विद्यापीठातून मन दुखावून बाहेर पडावे लागले, त्याच विद्यापीठाला आयुष्यभराच्या मिळकतीतील एवढा मोठा वाटा देणे सोपे नाही. अध्यासनाला शारदा हे नाव लाभले. विद्येच्या देवतेचेही तेच नाव आहे. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर त्यांनी उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापन केले आणि अखेरीस ते बंगळूरला स्थायिक झाले. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली तेथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून गौरविले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

रंगनाथन यांना जाऊन अर्धशतक उलटले. दरम्यान ग्रंथालयाचे रूप पालटले आहे. तालिकेची लाकडी खणांची कपाटे गेली. बोटाच्या एका स्पर्शासरशी हजारो पाने डोळ्यांपुढे येतात. पूर्वी माहिती मिळत नाही ही अडचण होती. आज ती इतकी मिळते की तीतून निवड करणे ही अडचण झाली आहे. शाळेने दिलेला प्रकल्प मुलाने पाच मिनिटांत उतरवून काढावा, किंवा रात्री जागून आईवडिलांनीच तो पूर्ण करावा, असे अनेक घरांत घडते. वही सुंदर सजते, गुणही मिळतात. पण हे कोणी लिहिले, कशावरून लिहिले, दुसऱ्या कोणी याहून निराळे लिहिले आहे काय, हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. महाविद्यालयात पहिला स्वतंत्र निबंध लिहिण्याची वेळ आली की ही उणीव उघडी पडते, आणि तेव्हा मदतीला कोणी नसते.

या उणिवेवरचा उपाय खर्चिक नाही. आठवड्यातील एक तास मुलांनी फडताळांपुढे उभे राहून घालवावा. एकच प्रश्न चौघांना द्यावा आणि चौघांची उत्तरे कोणकोणत्या पुस्तकांतून आली ते फळ्यावर मांडावे. पालकांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना जुन्या दिल्लीतील किंवा घराजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात न्यावे आणि पुस्तक त्यांनाच शोधू द्यावे. सापडायला वेळ लागला तरी चालेल. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पुस्तके भेट द्यावीतच. त्यासोबत आपण आपल्या व्यवसायात एखादी गोष्ट कशी शोधतो, कशी पडताळून पाहतो, हे एखाद्या दुपारी येऊन मुलांना सांगावे. हीरक महोत्सवाच्या वर्षी शाळेला देता येण्याजोगी ही भेट कोणत्याही देणगीपेक्षा कमी नाही.

१९२४ च्या त्या जानेवारीत मद्रासच्या रिकाम्या दालनात बसून एका शिक्षकाला आपले विद्यार्थी हरवल्यासारखे वाटले होते. पुढे ते त्यांना दिल्लीत भेटले, बंगळूरला भेटले, आणि ज्या देशांत ते कधी गेले नाहीत तेथेही भेटले. एखादा मुलगा शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाचे शेवटचे पान उलटून सूचीतील एका शब्दावर बोट ठेवतो, तेव्हा तोही रंगनाथन यांच्याच वर्गात दाखल होतो.